सुई मणक्यात, चित्र पडद्यावर

ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही. डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या स्टेशनांच्या मधलं हे गाव एके काळी रेल्वेच्या चोळे पॉवर हाऊसमुळे ओळखलं जाई. आता नव्वद फुटी रस्त्यानं टॉवर उभे राहिलेत आणि टॉवरांच्या मागोमाग प्रसूतिगृहं, हाडांचे दवाखाने, दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम. अशा छोट्या ठिकाणी सहसा पगारी भूलतज्ज्ञ नसतो. फोन गेला की तो बॅग घेऊन येतो, सिझरसाठी किंवा हर्नियासाठी कमरेखालची भूल देतो, ऑपरेशन आटोपून रुग्ण सावरला की पुढच्या ठिकाणी जातो. ती भूल देताना सुई मणक्यांच्या फटीतून आत जाते, आणि आत काय आहे हे त्याला दिसत नसतं. बोटांना जे कळतं त्यावर सगळं चालतं.

डॉक्टरच्या डोळ्यांवर एक चष्मा असावा, त्यातून रुग्णाची पाठ पारदर्शक झाल्यासारखी दिसावी आणि आतले मणके जागच्या जागी उमटावेत, यासाठी अभियंते तीसेक वर्षं झटताहेत. ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर, म्हणतात ते हेच. असा चष्मा आता खरोखर वापरात आला आहे. पण बोटं आणि चष्मा यांच्या मध्ये आणखी दोन टप्पे आहेत, आणि माझ्या मते कल्याण-डोंबिवलीच्या रुग्णाला आज चष्म्यापेक्षा त्यांची गरज जास्त आहे.

बोटांनी शोधलेली फट

रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवतात किंवा कुशीवर झोपवतात. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. पाठ वाकली की मणक्यांच्या काट्यांमधली फट रुंदावते. मग भूलतज्ज्ञ कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा दोन्ही हातांनी चाचपतो आणि अंगठे मध्यावर आणतो. या दोन कडांना जोडणारी काल्पनिक रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास कणा ओलांडते, असं पुस्तकं सांगतात. फ्रेंच सर्जन तुफिए यांच्या नावानं ती ओळखली जाते.

ही रेषा एवढी महत्त्वाची का? प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली पाठीतल्या पाण्यात मोकळ्या लोंबणाऱ्या नसांचा झुबका असतो, आणि सुई आली तर त्या बहुधा बाजूला सरकतात. मज्जारज्जू सरकत नाही. म्हणून सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीतच घालायची.

त्वचा, चरबी, काट्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि शेवटी पिवळा अस्थिबंध असा सुईचा रस्ता. हा पिवळा अस्थिबंध चिवट असतो. त्यातून पार होताच हाताला एकदम सैल लागतं. वेदनारहित प्रसूतीसाठी एपिड्युरल द्यायचं तर इथंच थांबायचं. बहुतेक प्रौढांत ही जागा त्वचेपासून ४ ते ६ सेंटिमीटरवर असते. सिझरसाठी स्पायनल द्यायचं तर किंचित पुढं जाऊन मज्जावरण भेदायचं. सुईच्या मागच्या टोकाला स्वच्छ पाण्याचा थेंब आला की जागा बरोबर. सुई पोचल्याची खूण पटते ती या थेंबानं, पण कोणत्या फटीतून पोचली हे काही थेंब सांगत नाही.

तो दुसरा प्रश्न क्षुल्लक नाही. सन २०००मध्ये 'ॲनस्थेशिया' या ब्रिटिश नियतकालिकात एक अभ्यास आला. पाठीचा एमआरआय होणाऱ्या रुग्णांच्या कमरेवर खूण केली होती आणि ती कोणत्या फटीवर आहे हे भूलतज्ज्ञांनी बोटांनी चाचपून सांगायचं होतं. बरोबर उत्तर फक्त २९ टक्के वेळा आलं. चुकलेल्या बहुतेक वेळी खरी जागा त्यांना वाटली त्याहून वर होती, काही वेळा तब्बल चार मणके वर. म्हणजे चूक बहुधा मज्जारज्जूच्याच बाजूला होते. तरीही रोज हजारो सिझर सुखरूप पार पडतात, कारण मुळात लक्ष्यच पुरेसं खाली ठेवलेलं असतं आणि एखाद-दुसऱ्या मणक्याची चूक त्यात जिरून जाते. अडचण येते ती लठ्ठपणात काटे बोटांना लागत नाहीत तेव्हा, वयामुळे अस्थिबंध हाडासारखे कडक झालेले असतात तेव्हा, कणा वाकडा असतो किंवा त्यावर आधीच ऑपरेशन झालेलं असतं तेव्हा.

बीअरची डोकेदुखी आणि सिझरची कंबर

कमरेखालची भूल प्रथम यशस्वीपणे दिली ती ऑगस्ट १८९८मध्ये, जर्मनीतल्या कील शहरात, ऑगस्ट बीअर या सर्जननं. औषध होतं कोकेन. काही दिवसांनी हा प्रयोग त्यानं आपल्या सहायकाकडून, हिल्डेब्रांटकडून, स्वतःवर करून घेतला. पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि पाठीतलं पाणी वाहून गेलं. मग दोघांनी जागा बदलल्या. हिल्डेब्रांटचे पाय बधिर झाल्यावर बीअरनं त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारून खात्री करून घेतली. पुढं दोघांचीही डोकी दुखली. बीअरला तर कित्येक दिवस उठून बसवेना.

ती डोकेदुखी आजही होते. मज्जावरणाला पडलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे उठलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं. सुया बारीक झाल्या, टोकं पेन्सिलीसारखी झाली, तसं तिचं प्रमाण खूप घटलं.

आपल्याकडे मात्र डोक्यापेक्षा कमरेची भीती मोठी. 'सिझरला पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर धरते' हे वाक्य ठाकुर्ली ते टिटवाळा लोकलच्या लेडीज डब्यात कुठल्याही दिवशी ऐकू येईल. प्रसूतीत एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून तुलना झाली आहे. दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक निघाला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पुढं आलेलं पोट, मग बाळ कडेवर घेऊन झालेली धावपळ, कंबर धरायला एवढं पुरतं. तरी या तक्रारीत एक खरी गोष्ट दडली आहे. एकाच जागी चार-पाच वेळा सुई खुपसली तर काही दिवस ती जागा दुखतेच, आणि दर टोचणीबरोबर रुग्णाचा धीरही खचतो. म्हणून पहिल्याच टोचणीत जागा सापडणं मोलाचं.

सी-आर्म : चपटी सावली

ऑपरेशन थिएटरमध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं जे एक्स-रे यंत्र असतं, ते सी-आर्म, बोटांनंतरचा पहिला टप्पा. कमानीच्या एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला किरणं टिपणारी तबकडी आणि मध्ये रुग्ण. पायाखालचं पेडल दाबलं की पडद्यावर हलतं चित्र उमटतं. 'गादी सरकली', 'नस दबली' म्हणून येणाऱ्या रुग्णाला नसेच्या मुळाशी स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यायचं, तर आज मुख्य भिस्त याच यंत्रावर असते.

हे चित्र म्हणजे सावली. मणका, त्याच्या पुढची महाधमनी, मागचे सांधे, सगळं एकाच प्रतलात चेपलेलं. खोली कळायची तर कमान फिरवून बाजूनं दुसरं चित्र घ्यावं लागतं आणि डॉक्टर दोन्ही चित्रं मनात जुळवतो. तिरप्या कोनातून कमरेच्या मणक्याची सावली हुबेहूब स्कॉटी जातीच्या कुत्र्यासारखी दिसते. मणक्याचा खांब हा त्या कुत्र्याचा डोळा, आणि डोळ्याच्या खालून सुई घातली की नस बाहेर पडते त्या भोकापाशी पोचता येतं. शिकाऊ डॉक्टरांना हे चित्र डोळे मिटूनही आठवतं. सुई पोचली की थोडं रंगद्रव्य सोडून ते नसेच्या कडेनं पसरतंय की रक्तवाहिनीतून पळतंय हे पाहतात, आणि मगच औषध.

किंमत मोजावी लागते ती किरणोत्सर्गाची. रुग्णाला डोस एकदा मिळतो, डॉक्टर आणि तंत्रज्ञाला रोज. शिशाचा एप्रन, गळ्याचा पट्टा, छातीवर डोस मोजणारा टीएलडी बिल्ला आणि किरण चालू असताना जमेल तितकं लांब उभं राहणं, हे त्यावरचे उपाय. नळी टेबलाखाली ठेवतात, कारण रुग्णाच्या अंगावर आदळून विखुरणारे किरण नळीच्या बाजूलाच जास्त असतात. सी-आर्म लावायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. मंडळाचं मुख्यालय आपल्या जवळच, अणुशक्तीनगरला आहे.

मणक्याचा टीबी हे आपल्याकडचं आणखी एक कारण, ज्यासाठी सुई खोल, थेट मणक्याच्या खोडात घालावी लागते. सीटी स्कॅनच्या आधारानं तुकडा काढतात, मग तो जीन एक्स्पर्ट यंत्रात घालून जंतू आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत कळतं. सीटीचं चित्र सावलीसारखं चपटं नसतं, काप काप करून घेतलेलं असतं. पण रुग्ण यंत्राच्या कमानीत, चित्र काचेपलीकडच्या पडद्यावर आणि सुई डॉक्टरच्या हातात, अशी फाळणी इथंही राहतेच.

सोनोग्राफी आणि एक कायदा

यांतला सगळ्यात कमी खर्चाचा टप्पा सोनोग्राफीचा. किरणोत्सर्ग नाही, खोली अंधारी करायला नको. भूल देण्याआधी प्रोब कमरेवर ठेवला की हाडं पांढऱ्या रेघांसारखी आणि त्यांच्या मागं काळी सावली दिसते. दोन सावल्यांच्या मधून आत डोकावता येतं ती फट. त्रिकास्थीपासून वर एकेक मणका मोजत जायचं, म्हणजे तुफिए रेषेच्या भरवशावर राहावं लागत नाही. पिवळा अस्थिबंध किती खोल आहे हे पडद्यावरच मोजायचं, त्वचेवर पेनानं खूण करायची, प्रोब बाजूला ठेवायचा आणि त्या खुणेवर सुई घालायची.

'बीएमजे'मध्ये २०१३ साली १४ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सोनोग्राफीच्या आधारानं केलेल्या मणक्याच्या टोचण्यांत अपयशाचं प्रमाण घटलं आणि सुई घालण्याची संख्याही कमी झाली. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेनं एपिड्युरलसाठी सोनोग्राफी वापरायला २००८मध्येच हिरवा कंदील दाखवला होता.

मग नव्वद फुटी रस्त्यावर येणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या बॅगेत प्रोब का असू नये? मोबाईलला जोडता येणारे, खिशात मावणारे प्रोब तर निघाले आहेत. इथं गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आडवा येतो. असा कायदा देशात सगळ्यात आधी १९८८मध्ये महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. प्रत्येक सोनोग्राफी यंत्र ठरावीक जागेशी नोंदवलेलं असावं लागतं. २०१२मध्ये नियम बदलले, तेव्हा हातात नेण्याजोगं यंत्र नोंदणी केलेल्या आवारातच, तिथं दाखल असलेल्या रुग्णांसाठी किंवा नोंदलेल्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येईल असं ठरलं. ज्याच्या बॅगेत प्रोब सगळ्यात उपयोगी पडला असता, त्या दवाखान्या-दवाखान्यांतून फिरणाऱ्या भूलतज्ज्ञालाच तो बॅगेतून नेता येत नाही.

कायद्याला नावं ठेवण्याचा माझा उद्देश नाही. मुली गर्भातच मारल्या जात होत्या म्हणून तो झाला आणि त्याची गरज संपलेली नाही. मार्ग कायद्याच्या आतच काढता येईल. नर्सिंग होमनं स्वतःचं यंत्र नोंदवावं, भूलतज्ज्ञाचं नाव वापरकर्ता म्हणून त्यात असावं, आणि प्रसूतीच्या सोनोग्राफीव्यतिरिक्त त्या यंत्राचा कमरेसाठीही उपयोग व्हावा.

चष्म्याच्या आत

पडदा एकीकडे आणि पाठ दुसरीकडे असली की डॉक्टरची मान सारखी वळत राहते. चित्रातली दिशा हातातल्या दिशेत मनातल्या मनात बदलावी लागते. अनुभवी हाताला हे सवयीनं जमतं, नवशिक्याला घाम फुटतो. ही फाळणी मिटवावी, हाच एआरचा सगळा हेतू.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स यांच्या गटानं १९९२मध्ये एका गरोदर स्वयंसेविकेच्या पोटावर सोनोग्राफीचं चित्र डोक्यावर बांधलेल्या पडद्यातून जागच्या जागी दाखवण्याचा प्रयोग केला. चित्र डळमळत होतं, अडखळत होतं, पण कल्पना सिद्ध झाली. पुढं जॉन्स हॉपकिन्समध्ये वेगळी युक्ती झाली: रुग्णाच्या वर अर्धपारदर्शक आरसा तिरका धरायचा आणि त्यात सीटीचा किंवा एमआरआयचा काप असा उमटवायचा, की आरशातून पाठीकडे पाहिलं तर तो काप पाठीच्या आतच असल्यासारखा भासेल. डोक्यावर काहीच घालावं लागत नाही. ही युक्ती मला फार देखणी वाटते, पण बाजारानं पसंती दिली ती चष्म्याला.

चष्म्याची पद्धत अशी. आधी सीटी करून मणक्यांचं त्रिमिती प्रारूप बनवतात. रुग्णाच्या अंगावर किंवा थेट मणक्याला खुणेचे बिंदू बसवतात. हे बिंदू आणि सुईवरचे बिंदू कॅमेरा सेकंदाला अनेक वेळा टिपतो. संगणक प्रारूपाला रुग्णाच्या खऱ्या कण्यावर बसवतो आणि डॉक्टरचं डोकं हललं तरी चित्र पाठीवरच चिकटून राहील असं काचेवर दाखवतो. सुईचं टोक आत कुठं आहे आणि याच दिशेनं गेलं तर कुठं पोचेल, हेही रेघेनं दिसतं.

रुळांच्या अलीकडे की पलीकडे

प्रारूप खऱ्या शरीरावर बसवण्याच्या या पायरीवर सगळ्याची मदार आहे, आणि खरी अडचणही इथंच. मोबाईलच्या नकाशात निळा ठिपका कधी तुम्हाला ठाकुर्ली पूर्वेला दाखवतो आणि तुम्ही असता पश्चिमेला. चूक दहा-वीस मीटरचीच. पण मध्ये रूळ आहेत, त्यामुळे तेवढ्यानं पुलाचा वळसा पडतो. मणक्यातही चूक किती मिलिमीटरची, यापेक्षा त्या मिलिमीटरांच्या मध्ये काय आहे हे महत्त्वाचं. मणक्याच्या खोडात दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर निभावतं, नसेच्या भोकापाशी निभावत नाही.

चूक शिरते कुठून? सीटी करताना रुग्ण उताणा असतो आणि सुई घालताना पालथा किंवा वाकून बसलेला, म्हणजे मणक्यांचं परस्परांशी असलेलं नातंच बदललेलं. श्वासाबरोबर पाठ हलते. खुणा त्वचेवर असतील तर त्वचा हाडावरून सरकते. लांब, बारीक सुई आत जाताना वाकते, आणि कॅमेऱ्याला फक्त तिची मूठ दिसते. म्हणून गंभीर ऑपरेशनांत खूण मणक्याच्या हाडालाच घट्ट बसवतात. कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत हे ठीक, पण दहा मिनिटांच्या स्पायनलसाठी हाडात खिळा कोण ठोकेल? साध्या भुलीच्या सुईपर्यंत चष्मा अजून पोचलेला नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

डोळ्याचीही एक गोष्ट आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये प्रतिमा सुमारे दोन मीटरवर नजर स्थिरावेल अशी बसवलेली होती, आणि सुई तर हातभर अंतरावर. मणका स्पष्ट तर सुई धूसर, सुई स्पष्ट तर मणका धूसर.

याहून मला जास्त खटकतं ते लक्षाचं. टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१३मध्ये मृतदेहांवर, नाकातून करायच्या शस्त्रक्रियेत, एआरचा प्रयोग केला. एआर वापरणाऱ्यांनी नेमकेपणा चांगला राखला, पण दृश्यात मुद्दाम ठेवलेल्या अनपेक्षित गोष्टी त्यांच्या नजरेतून जास्त निसटल्या. रंगीत रेघ डोळ्यांसमोर नाचत असली की तिच्या शेजारचं दिसेनासं होतं. रक्ताचा थेंब, रुग्णाचा दचकलेला पाय, चेहऱ्यावरची कळ यांपैकी एकही गोष्ट सीटीत नसते.

आज कुठवर

इस्रायली मूळ असलेल्या ऑगमेडिक्स कंपनीच्या 'एक्सव्हिजन' यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता डिसेंबर २०१९मध्ये मिळाली. जून २०२०मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सर्जनांनी ती घालून एका रुग्णाच्या कण्यात सहा स्क्रू बसवले. मान्यता स्क्रूंपासून सुरू झाली हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिथं ऑपरेशन तासन्तास चालतं, खूण हाडाला बसवता येते, सीटी थिएटरमध्येच काढता येतो आणि एवढा खर्चही त्या ऑपरेशनमध्ये सामावतो. सिझरच्या सुईच्या वाट्याला यातलं काहीच नाही.

दुसरीकडे, संशोधकांचा लाडका होलोलेन्स २ चष्मा २०१९मध्ये ३,५०० डॉलरना बाजारात आला आणि मायक्रोसॉफ्टनं २०२४मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. जगभरातल्या प्रयोगशाळांत त्यावर लिहिलेली सॉफ्टवेअरं आता नव्या घराच्या शोधात आहेत. रुग्णालयानं असं साधन घेताना ते दहा वर्षांनी कोण दुरुस्त करेल, हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा.

आपल्याकडे एआर आधी शिकवण्याच्या खोलीत येईल असं मला वाटतं, आणि तिथं ते यावंच. वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा असणं आता आवश्यक आहे. ठाकुर्लीच्या जवळपास ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला आहे. जिलेटिनच्या किंवा सिलिकॉनच्या कमरेत सुई घालताना विद्यार्थ्याला आतले मणके चष्म्यातून दिसले, सुई कुठं चुकली हे तिथल्या तिथं कळलं, मग चष्मा काढून तीच टोचणी पुन्हा बोटांच्या भरवशावर करायला लावली, तर शिकणं वेगानं होतं. प्लास्टिकचा मणका श्वास घेत नाही, कूस बदलत नाही, त्याची त्वचा सरकत नाही, म्हणून प्रारूप जुळवण्याची अडचण तिथं जवळजवळ उरत नाही. आणि इथं चूक झालीच, तर डोकं कुणाचंच दुखत नाही.

ठाकुर्लीत कुणाला उद्याच कमरेची भूल घ्यायची असेल, तर चष्म्याची चौकशी करून उपयोग नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, कण्यावर आधी ऑपरेशन झालं आहे का, मागच्या भुलीच्या वेळी सुई घालताना खूप वेळ लागला होता का, एवढं भूलतज्ज्ञाला आधी सांगावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर नर्सिंग होमच्या नोंदणीकृत सोनोग्राफी यंत्रावर कंबर आधी पाहून घेता येईल का, हेही विचारावं.